ब्रॅटल स्ट्रीटवरचं पिवळं घर : यातला फितूर कोण?

चारखणी

सध्या आईबाबा आलेत. बाबा तलाठी होते, अठ्ठावीस वर्षं. त्यांना म्युझियम, पुतळे, चित्रं वगैरे काही मानवत नाही. पाच मिनिटांत कुठलातरी बाक शोधून बसतात. पण गेल्या शनिवारी बॉस्टनजवळच्या केंब्रिजमधलं १०५, ब्रॅटल स्ट्रीट दाखवायला नेलं आणि हा माणूस बाकावर टेकायलाच तयार होईना.

नेलं होतं 'कवीचं घर' म्हणून, आईसाठी. हेन्री वॉड्सवर्थ लाँगफेलो तिथे चाळीसेक वर्षं राहिला. नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे, तिकीट नाही. बाहेरून फिकट पिवळं, पांढरे खांब, दोन्ही बाजूंना सारख्या खिडक्या. जिन्यापाशी वॉशिंग्टनचा अर्धपुतळा. बाबांनी आत पाऊल टाकायच्या आधी फाटकापाशीच विचारलं, "मूळ कुणाच्या नावावर?"

मग संध्याकाळी घरी आल्यावर त्यांच्या डायरीत अक्षरशः फेरफार लिहून काढले. १७५९, जॉन व्हासल, स्वतः बांधलं. १७७४, मालक परागंदा. १७७५, सैन्याचा ताबा (आधी मार्बलहेडच्या कोळ्यांची पलटण, जुलैपासून खुद्द जनरल वॉशिंग्टन, ते १७७६ च्या एप्रिलपर्यंत). मग सरकारजमा. १७८१ ला नॅथॅनियल ट्रेसीने विकत घेतलं. १७९१ ला अँड्र्यू क्रेगीकडे. तो कर्जात मेल्यावर त्याच्या बायकोने खोल्या भाड्याने दिल्या, त्यात १८३७ ला लाँगफेलो भाडेकरू. १८४३ ला भाडेकरूच्या सासऱ्याने अख्खं घरच विकत घेऊन लेकीला आणि जावयाला दिलं. १९७२ ला पुन्हा सरकार.

आणि खाली शेरा : "फितुराचं वतन खालसा."

मी म्हटलं बाबा, फितूर कसा? अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात व्हासल इंग्लंडच्या राजाशी इमान राखून होता, आणि बंड केलं ते समोरच्यांनी. कायद्याने पाहिलं तर फितूर वॉशिंग्टन. बाबा म्हणाले, "दप्तर ज्याच्या ताब्यात, त्याचा कायदा." आणि जेवायला बसले. मला काही ते पटलेलं नाही, म्हणून हा धागा. ज्यांनी हे घर किंवा असली घरं पाहिली आहेत त्यांनी लिहा.

वांगीपोहे

वा! बाबांना साष्टांग नमस्कार. फोटो टाका ना त्या डायरीच्या पानाचा.

दारूगोळा

मी सॉमरव्हिलला राहतो. या गोष्टीचं पहिलं प्रकरण माझ्या घरापासून चालत सात मिनिटांवर घडलं, म्हणून बोलायचा हक्क आहे असं समजतो.

आमच्याकडे पावडरहाउस स्क्वेअरला दगडी, गोल, टोपी घातल्यासारखी एक बुटकी इमारत आहे. मूळची पवनचक्की, नंतर बारूदखाना. १ सप्टेंबर १७७४ च्या पहाटे इंग्रज सेनापती जनरल गेजच्या शिपायांनी तिथली अडीचशे लहान पिंपं बारूद बोटींतून नेली. नेमकी त्याच सुमारास त्याला विल्यम ब्रॅटलने लिहिलेली चिठ्ठी फुटली होती. गावोगावचे लोक आपापली बारूद उचलून नेताहेत, असं तिच्यात होतं. झालं. अफवा उठली की युद्ध पेटलं, बॉस्टन जळतंय. दुसऱ्या दिवशी केंब्रिजच्या मैदानावर हजारो शेतकरी जमा.

ब्रॅटल रात्रीच पळाला. ज्या रस्त्याबद्दल आपण बोलतोय त्याला नाव त्याचंच आहे, बरं का. पळून गेलेल्या राजनिष्ठाचं नाव आजही रस्त्यावर, आणि ते बदला म्हणून कुणी मोर्चा काढल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

जमाव मग गेला थॉमस ऑलिव्हरकडे. हा नायब गव्हर्नर. त्याच रस्त्याच्या टोकाला त्याचं घर, एल्मवुड, आज तिथे हार्वर्डचे अध्यक्ष राहतात. त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतला. त्याने सही करताना कागदावरच नोंदवलं की चारेक हजार लोकांनी घराला वेढा घातलाय आणि त्यांच्या हुकमावरून मी नाव लिहितो आहे. भित्रा म्हणा काहीही म्हणा, पण दबावाखाली सही करायची आणि सहीतच दबाव नोंदवून ठेवायचा, याला डोकं लागतं.

आता गंमत. या ऑलिव्हरची बायको म्हणजे जॉन व्हासलची बहीण, आणि जॉन व्हासलची बायको म्हणजे ऑलिव्हरची बहीण. चक्क साटंलोटं. मेहुण्याच्या दारात चार हजार लोक पाहिल्यावर व्हासल किती दिवस थांबणार? बायकापोरांसह बॉस्टनला इंग्रज सैन्याच्या आडोशाला गेला आणि पुढे इंग्लंड. परत कधी नाही.

पानसुपारी

दारूगोळा, मस्त लिहिलंय.

फितूर या शब्दावर मात्र माझं मत चारखणीताईंच्या बाबांच्या बाजूने. आपल्याकडेच बघा. ६ मार्च १७७५ ला राघोबादादाने सुरतेत मुंबईकर इंग्रजांशी तह केला, साष्टी-वसई देऊ केली. पुढच्याच महिन्यात तिकडे लेक्सिंग्टनला अमेरिकन युद्धाची पहिली गोळी सुटली. एकाच राज्याचे इंग्रज, एकच वर्ष. राघोबाला आपण फितूर म्हणतो की नाही? मग व्हासलला का सूट?

चारखणी

पानसुपारी, वर्ष एक असलं तरी दोन्ही माणसं एका मापात बसत नाहीत. राघोबा परक्याच्या फौजेला घरात घेऊन आला. व्हासलच्या लेखी परकं कुणीच नव्हतं. त्याचा राजा तोच, त्याच्या आजोबांचा राजा तोच, तो ज्या चर्चमध्ये बसायचा तिथली प्रार्थनाही त्याच राजासाठी. त्याने बाजू बदलली नाही. त्याच्या पायाखालची जमीनच बाजू बदलून गेली.

पानसुपारी

हं. बारभाईंच्या बाजूने विचार केला तर दादालाही असंच वाटत असणार की गादी आपलीच. पण मुद्दा पोचला.

एडिसनकर

आम्ही न्यू जर्सीवाले गप्प बसू असं वाटलं का?

एडिसनहून पंधरा-वीस मिनिटांवर पर्थ अँबॉय. तिथे प्रोप्रायटरी हाउस नावाचं विटांचं घर आहे, १७६०च्या दशकात बांधलेलं. १७७४ पासून तिथे न्यू जर्सीचा शाही गव्हर्नर राहत होता, विल्यम फ्रँकलिन. हो, तोच. बेंजामिन फ्रँकलिनचा मुलगा.

तुमच्या पिवळ्या घराशी याचा थेट धागा आहे. १७७५ च्या ऑक्टोबरात बेंजामिन बंडखोर वसाहतींच्या काँग्रेसच्या समितीतून वॉशिंग्टनला भेटायला केंब्रिजला आला होता. म्हणजे व्हासलच्या सोडलेल्या घरात बसून बंडखोर फौजेचा शिधा-पगार कसा चालवायचा यावर खल करून गेला. आणि फिलाडेल्फियाला परतताना, बहीण जेन सोबत होती, वाटेत मुक्काम कुठे? पर्थ अँबॉयला, राजाच्या गव्हर्नराकडे. पोराच्या घरी. त्या जेवणाच्या टेबलावर काय वातावरण असेल याची कल्पना करा. आपल्याकडे दिवाळीत दोन पक्षांचे काकापुतणे एका पंगतीला बसले तरी आत्याला घाम फुटतो.

त्यानंतर बापलेक जवळजवळ दहा वर्षं भेटले नाहीत. जून १७७६ मध्ये विल्यमला अटक झाली, कनेक्टिकटला नेऊन ठेवलं, नंतर लिचफिल्डला एकांतकोठडी. त्याची बायको एलिझाबेथ न्यू यॉर्कात मरणाला टेकली होती. भेटायला जाऊ द्या म्हणून त्याने अर्ज केला, नाकारला गेला. १७७७ च्या जुलैत ती गेली. बाप तेव्हा पॅरिसमध्ये, आणि बापाजवळ कोण? विल्यमचाच मुलगा टेंपल, आजोबांचा चिटणीस म्हणून. तीन पिढ्या, मधला दुवा कोठडीत.

१७८५ ला साउथॅम्प्टनला तिघे भेटले. तिथे म्हाताऱ्याने काय केलं? मुलाची अमेरिकेतली जमीन नातवाच्या नावावर करून घेतली. आणि मृत्युपत्रात लिहून ठेवलं की गेल्या युद्धात हा माझ्याविरुद्ध जसा वागला ते सर्वश्रुत आहे, म्हणून याला यापेक्षा जास्त काही देत नाही.

जगाला समेटाचे धडे देणारा माणूस. घरच्या बाबतीत शेवटपर्यंत ताठ. मला विल्यमची बाजू जास्त माणसासारखी वाटते, भले तो चुकलेला असेल.

वांगीपोहे

बाबोऽ. हे शाळेत कुणी सांगितलं नाही. आम्हाला फक्त पतंग आणि वीज.

मुळाक्षर

चांगली चर्चा. पण इमान, निष्ठा, राजा यातच फिरताय सगळे. पैशाकडे कुणी बघणार आहे का?

व्हासल घराण्याचा पैसा जमैकातल्या उसाचा. ऑलिव्हरचा अँटिग्वाच्या उसाचा. मेडफर्डचे रॉयल, तेही अँटिग्वा. ब्रॅटल स्ट्रीटच्या त्या रांगेला पुढे लोक 'टोरी रो' (टोरी म्हणजे राजनिष्ठ) म्हणायला लागले, पण मी तिला साखरपेठच म्हणेन. मळे बेटांवर, गिऱ्हाईक लंडनला, मळ्यातल्या गुलामांना धाकात ठेवायला इंग्रजांचं आरमार. अशा माणसाला राजा हवाच. यात तत्त्व कुठे आलं?

दारूगोळा

मुळाक्षर, अर्धं मान्य. पण मग आयझॅक रॉयल ज्युनियर का गोंधळला? त्याच्याकडेही तेच मळे. शेजाऱ्यांशी गोड, दोन्हीकडे पाय. लेक्सिंग्टनच्या दोन-तीन दिवस आधी बॉस्टनला गेला आणि अडकला, तिथून हॅलिफॅक्स, तिथून इंग्लंड, १७८१ ला तिकडेच वारला. त्याचं मेडफर्डचं घर आहे अजून, आणि गुलामांच्या राहण्याची इमारतही. उत्तरेकडच्या राज्यांत अशी उभी राहिलेली ती एकच.

पळून जाऊनही त्याने मृत्युपत्रात हार्वर्डला जमीन दिली. त्यातून १८१५ ला कायद्याचं पहिलं अध्यासन निघालं आणि त्याच्या घराण्याच्या गव्हाच्या तीन पेंढ्या हार्वर्ड लॉच्या चिन्हावर जाऊन बसल्या. २०१६ ला विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर काढल्या. म्हणजे माणसाने राजा निवडला, पण दानधर्म सोडलेल्या गावालाच. निव्वळ हिशेबाने याचं उत्तर येत नाही.

मुळाक्षर

दान उसाच्याच पैशातून ना? असो. घरात आणखी कोण राहत होतं याबद्दल अजून कुणी चकार शब्द काढलेला नाही, याची नोंद घ्या.

चारखणी

मुळाक्षर, तेच लिहायला बसले होते. हा भाग बाबांनी दोनदा ऐकला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टोनी व्हासल. कोचमन. रस्त्यापलीकडे, आजच्या ९४ नंबरला, जॉनचा काका हेन्री आणि त्याची बायको पेनेलोपी राहायचे. पेनेलोपी ही वरच्या रॉयलची बहीण, आणि माहेरून येताना तिने जी माणसं आणली त्यांत क्युबा नावाची मुलगी होती. हो, आणलेल्या वस्तूंच्या यादीत बसावी तशी. टोनी आणि क्युबा नवराबायको. हेन्री कर्ज ठेवून मेला, १७६९ ला. मग पेनेलोपीने क्युबाला आणि मुलांना पुतण्याला, म्हणजे पिवळ्या घराला, विकलं. नवरा रस्त्याच्या या बाजूला, बायकोमुलं त्या बाजूला. एक मुलगा डार्बी, त्याला तर लहानपणीच वूबर्नच्या एका माणसाला देऊन टाकलं होतं.

आणि मग १७७४-७५ मध्ये दोन्ही घरचे मालक पळाले. घरात उरले कोण? हेच. त्यांनी पिवळ्या घराच्या आवारातल्या एका लहान बांधकामात बिऱ्हाड केलं, शेजारची थोडी जमीन कसली. वूबर्नचा तो मालक बंडखोरांकडून लढायला गेला आणि १७७५ मध्येच वारला, तेव्हा सहा वर्षांचा डार्बी परत आईबापाकडे आला.

आता ती फाटकाची गोष्ट. डार्बी फाटकावर झोके घेत होता, वॉशिंग्टन आला, म्हणाला आत चल, कामं सांगतो ती कर. पोराने विचारलं, पगार किती? जनरलला तो प्रश्न काही रुचला नाही म्हणतात. डार्बी पुढे म्हातारपणापर्यंत सांगायचा, की वॉशिंग्टन काही सभ्य माणूस नव्हता, पोराकडून फुकट काम करून घ्यायला बघत होता. ऐकीव कथा आहे, कुणी शपथेवर घेऊ नये. पण फाटकापाशी उभं राहून ऐकताना बाबा इतक्या जोरात हसले की आई ओशाळली.

१७८० नंतर राज्य सरकार जप्त घर विकायला निघालं तेव्हा टोनीने विधिमंडळाकडे अर्ज केला. आम्ही जवळपास साठ वर्षं गुलामीत घालवली, मालकाची चाकरी इमानाने केली, आता स्वातंत्र्याच्या देशात राहून आमच्यावर भीक मागायची पाळी आणू नका, ही कसतो ती जमीन आमच्याकडे राहू द्या. बाबा ताडकन म्हणाले, "कूळ आहे हा. कब्जा आहे, वहिवाट आहे, कसतोय." मी म्हटलं, त्यांनी जमीन नाही दिली, व्हासलच्या मालमत्तेतून वर्षाला बारा पौंड लावून दिले. तर म्हणे, "बरोबर. सातबारा मागितला की पेन्शन देतात."

टोनीने नंतर केंब्रिजमध्येच स्वतःची जागा घेतली. १८११ ला तो गेल्यावर क्युबाने पुन्हा अर्ज केला, की ते बारा पौंड मला चालू ठेवा. ठेवले.

माझा मूळ प्रश्न त्यामुळे पुरता फिरलाय. 'मालकाची चाकरी इमानाने केली' हे टोनीने लिहिलं, ते पळून गेलेल्या राजनिष्ठाबद्दल, आणि अर्ज होता त्याच्या शत्रूंकडे. त्याचं इमान कुणाशी म्हणायचं?

सुतारपक्षी

बायकोमुलांशी. बाकी अर्जाची भाषा असते ती. मी स्वतः सरकारी कचेरीबाहेर अर्ज लिहिणाऱ्याच्या शेजारी लहानाचा मोठा झालोय. 'आपला आज्ञाधारक' खाली सही करणारा कोण किती आज्ञाधारक असतो ते मला माहितीय.

मुळाक्षर

सुतारपक्षींना +१.

यात भर. ७ नोव्हेंबर १७७५ ला व्हर्जिनियाचा शाही गव्हर्नर डनमोर याने जाहीरनामा काढला : बंडखोरांचे जे गुलाम पळून येऊन राजासाठी शस्त्र धरतील, ते मोकळे. (बंडखोरांचेच हं, राजनिष्ठांचे नाहीत. इतकं औदार्य नव्हतं.) १२ नोव्हेंबरला वॉशिंग्टनने केंब्रिजच्या याच मुख्यालयातून हुकूम काढला की काळ्यांना भरती करू नये. डिसेंबरअखेर थोडा मागे आला : आधीच लढून झालेल्या मोकळ्या काळ्यांना पुन्हा घ्यायला हरकत नाही.

म्हणजे त्या हिवाळ्यात स्वातंत्र्य हवं असणाऱ्या गुलामाने कुठल्या झेंड्याखाली जायचं? माउंट व्हर्ननवरचा हॅरी वॉशिंग्टन, जनरलचाच गुलाम, इंग्रजांकडे पळाला, नोव्हा स्कोशियाला गेला, आणि तिथून सिएरा लिओन. तो फितूर?

पानसुपारी

शब्द मागे घेतो. निदान हॅरीसाठी.

अवांतर : ऑक्टोबर १७७५ मध्ये कवयित्री फिलिस व्हीटलीने वॉशिंग्टनला त्याच्या स्तुतीची कविता धाडली होती आणि फेब्रुवारी १७७६ मध्ये त्याने तिला केंब्रिजला आलात तर भेटा असं पत्र लिहिलं. लहानपणी आफ्रिकेतून आणून बॉस्टनच्या बाजारात विकलेली मुलगी. माणूस एका हाताने भरती थांबवतो, दुसऱ्या हाताने आदराने पत्र लिहितो.

दारूगोळा

फितूर हवाच असेल तर तो रस्त्यापलीकडे सापडेल. डॉ. बेंजामिन चर्च. बंडखोरांचा लाडका वक्ता, आतल्या बैठकांतला माणूस, फौजेच्या दवाखान्याचा पहिला प्रमुख. आणि गेजचा पैसे घेणारा हेर. त्याचं सांकेतिक लिपीतलं पत्र एका बाईमार्फत न्यूपोर्टला पोचलं, तिथून उलटं वॉशिंग्टनच्या टेबलावर आलं. लिपी फोडली गेली. ऑक्टोबर १७७५ च्या सुरुवातीला वॉशिंग्टनने सेनाधिकाऱ्यांसमोर त्याची चौकशी केली आणि त्याला कोंडलं कुठे? पेनेलोपीच्या रिकाम्या घरात. रस्त्याच्या एका बाजूला जनरल, दुसऱ्या बाजूला त्याचा फितूर. मधून टोनी ये-जा करत असणार.

चारखणी

हे बाबांना वाचून दाखवलं. 'पगारी होता का?' एवढंच विचारलं. हो म्हटल्यावर डायरीत शेरा खोडून वरच्या ओळीवर 'राजनिष्ठ' लिहिलं, आणि 'फितूर' बाणाने रस्त्यापलीकडे नेलं. म्हणजे मी जिंकले, पण श्रेय दारूगोळा यांना.

एडिसनकर

लाँगफेलोच्या काळात तरी घरात शांतता होती का?

चारखणी

कसली. सासरा नेथन अ‍ॅपलटन हा लॉवेलच्या कापड गिरण्यांच्या संस्थापकांपैकी. गिरण्यांना कापूस दक्षिणेचा, वेचणारे गुलाम. आणि जावयाचा जिवलग मित्र चार्ल्स समनर, गुलामगिरीचा कट्टर वैरी. समनरने १८४८ मध्ये भर भाषणात 'मागाचे मालक आणि आसुडाचे मालक' यांची युती झालीय असं सुनावलं. हा टोला सासऱ्यालाच. लाँगफेलो दोघांच्या मध्ये. घर सासऱ्याने दिलेलं, आणि त्याच्या हिशेबाच्या वहीत गुलामांना सोडवायला, पळून आलेल्यांना मदत म्हणून दिलेल्या रकमा. मित्राची साथ सोडली नाही, सासऱ्याशीही तोडलं नाही. मला हा माणूस आधी मिळमिळीत वाटायचा. आता तितकासा वाटत नाही.

मोठा मुलगा चार्ली १८६३ च्या मार्चमध्ये बापाला न विचारता पळून यादवी युद्धात युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या, फौजेत दाखल झाला. नोव्हेंबरात गोळी लागली, बाप स्वतः जाऊन घेऊन आला.

सुतारपक्षी

आणि डार्बीचं पुढे काय झालं?

चारखणी

डार्बी बॉस्टनला गेला. १७९६ ला काळ्या लोकांनी एकमेकांच्या मदतीसाठी आफ्रिकन सोसायटी काढली, तिच्या पहिल्या सभासदांत तो आणि भाऊ सायरस. १८६१ पर्यंत जगला, बायको आणि मुलं सगळी आधी गेली.

केंब्रिजच्या क्राइस्ट चर्चखाली व्हासल घराण्याचं तळघर आहे, हेन्रीला ठेवलं ते. हेन्रीच्या नातीने १८४३ ला डार्बीला चिठ्ठी लिहून दिली होती की याला त्यात जागा द्यावी. ती त्याने अठरा वर्षं जपली. गेल्यावर तिथेच ठेवला. त्याने ती का मागितली असेल यावर आमच्या घरी दोन दिवस वाद चालू आहे. आई म्हणते, माया असेल. मी म्हणते, हक्क सांगितला. बाबा म्हणतात चिठ्ठी कुणाच्या सहीची आहे ते आधी बघा, मग बोला.

वांगीपोहे

अंगावर काटा आला. आम्ही डिसेंबरात बॉस्टनला येतोय, घर उघडं असतं का?

चारखणी

आतून दाखवतात ते उन्हाळ्यात आणि शरदात. डिसेंबरात फक्त बाग आणि आवार. फाटक दिसेल.

बाबांना आता मेडफर्डचं रॉयल हाउस बघायचंय. 'ती चाकरांची इमारत वेगळ्या नंबरावर आहे की एकाच?' असं विचारतायत. दारूगोळा, तुम्ही जवळ राहता, रविवारी येणार असाल तर कळवा. आमच्या गाडीत एक जागा आहे, पण पुढे बाबाच बसतात.

दारूगोळा

येतो. मागे बसेन.